मासळीच्या गाडीतून इंजिन

आम्हाला मुलगी नाही, त्यामुळे कुणाला सासरी धाडायची वेळ आली नाही. इंजिनं मात्र आमच्या दारातून पुष्कळ गेली. उद्यमनगरात खाली आमचं वर्कशॉप आणि वर माडीवर घर. जुनी डिझेल इंजिनं उघडायची, झिजलेलं काढून टाकायचं, नवीन घालायचं आणि पुन्हा उभी करायची, हा सासऱ्यांपासूनचा धंदा. लग्न होऊन आले तेव्हा इंजिन सुरू झालं की ताटातला आमटीचा थर थरथरायचा. आता थरथरला नाही तर खाली काही बिघडलं की काय असं वाटतं.

आमच्याकडून इंजिन जातं ते थाटात. हळदकुंकू, नारळ, गिऱ्हाइकासमोर एकदा सुरू करून दाखवणं, आणि मग पोटात काठोकाठ तेल भरून रवानगी. बाकीचे लोक पाठवण्याआधी तेल काढून घेतात. आमच्यात ते पाप. सासऱ्यांच्या उमेदीच्या काळात एका गिऱ्हाइकानं कोरडं इंजिन नेलं, घरी जाऊन तेल न घालताच सुरू केलं आणि क्षणात ते जाम होऊन बसलं. बोल लागला तो सासऱ्यांना. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. "इंजान उपाशी धाडायचं न्हाय," असं ते म्हणायचे, आणि ते गेल्यावर माझा नवरा तेच म्हणू लागला. तेल भरताना तो तोंडानं काही बोलत नसे. सासरेही बोलत नसत. ओटी भरताना बायकासुद्धा इतक्या गप्प नसतात.

मी जयसिंगपूरची. माझ्या वडिलांचं काचेच्या भांड्यांचं दुकान होतं. माल बाहेरगावी पाठवायचा तर पेटीत भाताचा पेंढा दाबून भरायचा, झाकण ठोकायचं, आणि मग वडील पेटी हलवून तिला कान लावायचे. आतून जरासा आवाज आला की झाकण पुन्हा उघडायचं. माल जड असो की हलका, वाटेत तो हलता कामा नये, एवढं एक शास्त्र मी माहेराहून घेऊन आले होते. सासरी त्याला किंमत नव्हती. "अगं, इंजान हाय त्ये, काचंची बरनी न्हाय," नवरा हसायचा. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. कागदावर 'तो' लिहिते आहे. त्यानं वाचलं तर बघू.

त्या वर्षी मालवणकडच्या एका ट्रॉलरवाल्याचं सहा सिलिंडरचं इंजिन आमच्याकडे आलं होतं. गिअरबॉक्ससकट वजन टनाच्या आसपास. काम चोख झालं. आता ते फोंडा घाट उतरून समुद्रापर्यंत पोचवायचं होतं. ट्रान्स्पोर्टवाल्यानं दर सांगितला, सुतारानं लाकडी पेटीचा खर्च सांगितला, आणि गिऱ्हाइकानं फोनवर दोन्ही ऐकून लांब श्वास सोडला. बोटीचा हंगाम चालू होता आणि बोट किनाऱ्याला बांधलेली होती, म्हणजे रोजचं नुकसान. मग त्यानंच तोड काढली. कोकणातून मासळीच्या गाड्या पहाटे कोल्हापुरात येतात, माल उतरवून दुपारपर्यंत रिकाम्या परत जातात. त्यातल्याच एकीतून पाठवा, डिझेलपाण्याचं बघू.

नवऱ्याला ही युक्ती फार आवडली. मला गाडी बघेपर्यंत आवडली होती.

ती दारात आली तेव्हा वास आधी माडीवर पोचला. मी खाली गेले. मागे चारी बाजूंनी बंद, पांढऱ्या पत्र्याची खोली. भिंती दुहेरी, मधे थर्माकोल, बर्फ टिकावा म्हणून. आत कुठंही कडी नाही की हूक नाही. पट्टे बांधायचे तर कशाला? तळाचा पत्रा ओला, बुळबुळीत, मासळीचं पाणी मुरून मुरून काळपट झालेला. मी चप्पल काढून एक पाय ठेवला आणि तो सरकला.

ड्रायव्हर राधानगरीकडचा, मितभाषी माणूस. नवऱ्यानं विचारलं, तळाला खिळे मारून पाचरी ठोकू का? तो म्हणाला, "न्हाय बा. भोक पडलं की पानी आत मुरतंय. मालक मला जित्ता सोडायचा न्हाय."

मग आमच्या माणसांनी जमेल ते केलं. इंजिनाचे पाय रेल्वेच्या जुन्या स्लीपरांवर बोल्टनं आवळले होते, तो पाया भक्कम होता. पाया आणि भिंती यांच्यामधे लाकडाचे टेकू आणि पाचरी हाणून बसवल्या. फटींमधे वाळूची पोती दाबली. चेनब्लॉकच्या साखळीला लटकून इंजिन आत उतरलं तेव्हा गाडी मागच्या बाजूनं खाली बसली आणि कण्हल्यासारखा आवाज झाला. नारळ फुटला. तेल भरून झालंच होतं. झाकण घट्ट आहे की नाही ते नवऱ्यानं दोनदा तपासलं.

"हे हलणार," मी म्हणाले.

"हलंल कसं? टनाचं धूड हाय."

"टनाचं आहे म्हणूनच. हललं तर कुणाच्या बापाला आवरायचं नाही."

तो हसला. आणि मग त्यानं ते सांगितलं जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तो इंजिनाबरोबर मागे बसणार होता. पाचरी वाटेत ढिल्या होतात, त्या ठोकायला माणूस लागतो. सासरेही असेच जायचे म्हणे, पण उघड्या ट्रकमधून. इथं दार बाहेरून लावायचं, हवेसाठी फट ठेवून दोरीनं बांधायचं, आणि आत अंधारात हा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्कशॉपच्या सगळ्या माणसांसमोर मी बोलले, आणि चांगलंच बोलले. तो ऐकून घेत होता, हात पुसत होता, आणि ऐकणार नव्हता, हे मला दिसत होतं. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही मागं बसणार असाल तर मी पुढं बसणार."

"तू कशाला?"

"बसणार म्हणजे बसणार."

माडीवर जाऊन मी चपला बदलल्या आणि येऊन केबिनमध्ये चढले. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि गाडी सुरू केली. निघण्याआधी नवऱ्यानं खुणा ठरवल्या, कारण दाजीपूरच्या जंगलात मोबाईलला रेंज नसते. केबिनच्या पाठीला त्या खोलीची पुढची भिंत जवळजवळ चिकटलेली होती. तो आतून पान्यानं ठोकणार. दोन ठोके म्हणजे ठीक आहे. सारखे ठोके म्हणजे गाडी थांबवा. ड्रायव्हरनं मान हलवली. मी मान हलवली नाही, राग होता.

राधानगरीपर्यंत काही झालं नाही. ऊन स्वच्छ होतं, ऊस दोन्ही बाजूंनी उभा होता. चहाला थांबलो तेव्हा दार उघडून मी डोकावले. तो पुढच्या भिंतीला टेकून मासळीच्या पालथ्या क्रेटवर बसला होता, गुडघे जवळ घेऊन, बाजूला हातोडा आणि पहार, आणि इंजिनाचं तोंड त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं.

"मागच्या बाजूला बसा की," मी म्हणाले.

"हितनं पाचरी दिसत्यात. फुडच्याच म्हत्त्वाच्या, उतार हाय न्हवं."

"मग मी दार उघडं ठेवून बसते इथंच."

"वास यील तुला. जा, बस फुडं."

चहाचा कप त्यानं परत दिला तो तेलकट होता. मला वाटलं, त्याचे हात कायमच तेलकट असतात. मी कप विसळून टपरीवाल्याला दिला आणि पुढं जाऊन बसले.

जंगल सुरू झालं तसा ड्रायव्हर आणखी गप्प झाला. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मागून दण्णकन आवाज यायचा, आणि त्यामागून टक टक, दोन ठोके. मला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचा राग यायचा. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. झाडांच्या सावल्या इतक्या दाट की भर दुपारी ड्रायव्हरनं दिवे लावले. एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक ट्रक उलटून पडलेला होता, बऱ्याच दिवसांचा असावा, चाकं कुणीतरी काढून नेलेली. ड्रायव्हरनं तिकडे बघितलंही नाही. मी बघितलं आणि मग माझी मान तिकडून वळेना.

घाटमाथ्यावर त्यानं गाडी थांबवली, उतरून चाकांना हात लावून आला. मागच्या पत्र्यावर थाप मारली. आतून दोन ठोके आले. पुन्हा बसताना तो म्हणाला, "वैनी, आता खाली जाईस्तवर बोलू नगा."

मी कशाला बोलते.

गाडीनं तोंड खाली केलं. समोर रस्ता वळून नाहीसा होत होता आणि खाली कोकण धुरकट पसरलेलं होतं. पहिलं वळण. मागून टक, टक. मी मुठीनं पाठीमागच्या पत्र्यावर दोनदा वाजवून उत्तर दिलं. राग तसा निवळत आला होता. खाली पोचलो की फोंड्यात काहीतरी खाऊ, असं मी मनात ठरवत होते. दुसरं वळण. टक, टक. मी पुन्हा वाजवलं. ठोके जरा जोरात येत होते. त्याला वाटत असेल मला ऐकू येत नाही.

मग बराच वेळ सरळ उतार लागला. मागून काही नाही. मी पत्र्यावर वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं, जोरात, बांगड्या पत्र्यावर आपटल्या. काही नाही. मी म्हटलं, पान्यावरचा हात दुखला असेल, पाचर ठोकत असेल. ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवलं, वळण आलं, आणि मागून टक, टक.

उजेड पडल्यासारखं सगळं कळलं आणि ते कळायला नको होतं. मी वाजवल्यावर ठोके आलेच नव्हते. ते फक्त वळणावर येत होते. आधी डावीकडून एक, मग गाडी सरळ होताना उजवीकडून एक. नवरा बसला होता मधोमध, माझ्या पाठीमागे. हे ठोके तो देत नव्हता. ते इंजिन होतं.

"थांबवा," मी म्हणाले.

ड्रायव्हरनं मान हलवली नाही.

"गाडी थांबवा! ते सुटलंय. हे ठोके यांचे नाहीत."

त्यानं पुढचं वळण ऐकलं. त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या. तो हळू आवाजात बोलला, लहान मुलाला समजवावं तसा. "वैनी, हितं ब्रेक दाबला तर त्ये समदं फुडं येनार. पावनं फुडल्या पत्र्यालाच बसल्यात न्हवं."

मला समजलं आणि मी ओरडायची थांबले. म्हणजे थांबवायचंही नाही आणि चालवायचंही नाही. त्यानं गाडी पहिल्या गिअरवर आणली, आणि गाडीच्या इंजिनाच्या घोगऱ्या आवाजावर, ब्रेकला नुसता पाय टेकवत, आम्ही त्या घाटातून चालत उतरावं तसे उतरू लागलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. जळक्या रबराचा वास येत होता. कठड्यावर माकडं बसली होती आणि ती आमच्याकडे बघत होती, कारण आम्ही त्यांना बघण्याइतके सावकाश चाललो होतो. मी पाठीमागच्या पत्र्याला दोन्ही तळवे लावून बसले. पत्रा गार होता. प्रत्येक वळणाला तो हातांखाली हादरायचा, डावा हात, मग उजवा हात. मी त्याचं नाव घेऊन हाका मारल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच नाव घेतलं. आतून आवाज नाही. पारायणात, पोथ्यांत जे जे देव माहीत होते त्यांच्यातला एकही मला आठवेना. सासरे आठवत होते आणि त्यांचा भयंकर राग येत होता.

घाट संपून रस्ता सपाट झाला तिथं एक वडापावची टपरी होती. गाडी पुरती थांबायच्या आधीच मी उतरले, पडले, उठले. दोरी सुटेना. ड्रायव्हरनं कोयत्यानं ती तोडली.

दार उघडल्यावर आधी वास आला, मासळीचा आणि त्यावर ताज्या तेलाचा. उतारावर इंजिनाचं तोंड खाली झालं होतं. पोटात काठोकाठ भरलेलं तेल पुढे येऊन, इंजिन ज्यातून उसासे टाकतं त्या बारक्या नळीतून बाहेर गळत राहिलं होतं. हादऱ्यांनी थोडं थोडं राधानगरीच्या आधीपासूनच गळत असणार, तो चहाचा कप म्हणूनच तेलकट होता. पाचरी तेलानं माखल्या, टेकू निसटले, वाळूची पोती फुटली. पाया पुढे सरकून भिंतीजवळ पोचला होता. आणि पुढच्या कोपऱ्यात, इंजिनापलीकडे, तो उभा होता. पहार इंजिन आणि भिंत यांच्यामधे घालून त्यानं तिच्यावर छाती टेकली होती. चेहरा राखेच्या रंगाचा. उजवा पाय दिसत नव्हता.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तो ड्रायव्हरला म्हणाला, "ब्रेक मारला न्हाईस, लई ब्येस केलंस."

टपरीवरचे लोक धावले. कुणी जॅक आणला, कुणी दुसरी पहार. इंजिन वीतभर मागे घ्यायला किती माणसं लागली ते मला सांगता येणार नाही. त्याला बाहेर काढलं तेव्हा बूट पायाबरोबर आला नाही. जवळच्या दवाखान्यात पट्टी बांधली, सुई दिली, आणि डॉक्टरनं पायाकडे एकदाच बघून कोल्हापूरला न्या म्हणून सांगितलं. ॲम्ब्युलन्सनं आम्ही तोच घाट चढून परत आलो. सपाटीवरच उतरवलेल्या त्या इंजिनाला ट्रॉलरवाल्यानं क्रेन लावून पुढे नेलं. ते आजही बोटीवर चालतं, उत्तम चालतं, असं तो कळवतो. मी त्याचा फोन घेत नाही.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात घेतलं. घोट्याच्या खाली काही वाचवण्यासारखं राहिलेलं नाही, सकाळी ऑपरेशन करावं लागेल. त्यांना सांगायचं का आता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी सांगते.

आत गेले तेव्हा तो जागा होता. औषधानं दुखणं कमी झालं होतं, डोळे जड होते. दिवसभर साठवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ओटी भरायला इंजिन कुणाची पोर होती का, हे मी विचारणार होते. पण निघालं ते वेगळंच.

"सारखे ठोके का नाही दिलेत? थांबवा म्हणून? हात मोकळे होते ना?"

"पाना हातात हुता की," तो म्हणाला. "पर ठोकलं असतं तर त्यानं दनकन ब्रेक मारला असता. इंजान पत्रा फोडून गेलं असतं. पत्र्याच्या पल्याड तू बसली हुतीस."

मी खुर्चीवर बसले. बाहेर कुणीतरी नर्सला बोलावत होतं. मी त्याचा हात धरला, त्याच्या नखांत तेल तसंच होतं.

"पायाला मुंग्या आल्यात," तो म्हणाला. "मला दिसत न्हाय हितनं. जरा बघ की, बोटं हालत्यात काय?"

मी उठले. चादर वर उचलली, आणि जे होतं त्याच्याकडे बघत राहिले. तो वाट बघत होता.

"व्हय," मी म्हणाले, "हालत्यात की."